साखळीतलं कुलूप

हेमंत गायधनीला कुलपांचा नाद होता. तो नाद चोराचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही पहिल्याच घासाला नाक मुरडाल. माणूस सरळमार्गी. पाटबंधारे खात्यात बसून नकाशे काढायचा, इंदिरानगरला दुसऱ्या मजल्यावर लहानशा फ्लॅटमध्ये राहायचा. घरी बायको पल्लवी आणि पहिलीत जाणारी लेक ऋतुजा. सुपारीचं खांडही तोंडात न टाकणाऱ्या माणसाला कसली ना कसली खाज लागतेच. ह्याला ही लागली.

निमित्त झालं इंटरनेटचं. कॉलेज रोडवर तेव्हा सायबर कॅफे नवे नवे निघाले होते. पोरं तिथे काय बघायची ते सोडा, आपला हेमंत बघायचा कुलपं. परदेशात लोक निव्वळ हौसेखातर किल्लीशिवाय कुलपं उघडतात, त्यांची मंडळं असतात, शर्यती लागतात, हे वाचून त्याचं डोकंच फिरलं. मग काय! बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर भंगार मांडून बसतात त्यांच्याकडून किल्ली हरवलेली कुलपं उचलायची, छत्रीच्या काड्या कानशीने घासून हत्यारं करायची, आणि रविवारी जेवण झालं की भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचं. एका पट्टीने कुलपाला जरासा ताण द्यायचा, दुसऱ्या काडीने आतले लिव्हर, म्हणजे कडी अडवणारे छोटे पत्रे, एकेक चाचपायचे. जो अडतो तो आधी उचलायचा. सगळी लाडीगोडी. "माझ्याशी नाही कधी एवढं गोड बोललात," पल्लवी टोमणा मारायची. पण कॉलनीत कुणाचं दार आपोआप लागून किल्ली आत राहिली की लोक ह्यालाच हाक मारायचे, आणि तेव्हा तीच पदर खोचून मिरवायची.

ह्या हौशी लोकांचे दोन नियम असतात. आपलं नसलेलं कुलूप मालकाला विचारल्याशिवाय उघडायचं नाही. आणि जे कुलूप वापरात आहे, म्हणजे ज्याच्यामागे काहीतरी बंद करून ठेवलंय, त्याला हौसेसाठी हात लावायचा नाही. हेमंत हे नियम सोवळ्यासारखे पाळायचा. आता गंमत बघा, घात झाला तो ह्या नियमांनीच.

दोन हजार दोनचा डिसेंबर. ऑफिसातला शिपाई गोटीराम पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरचा. दरवर्षी नवं भात निघालं की त्याच्या घरून तांदळाची गोणी यायची. त्या वर्षी गोटीरामची पाठ धरली होती, म्हणून रविवारी सकाळी हेमंतच स्कूटर काढून निघाला. पेठ रस्ता तेव्हा मोकळा असायचा. सावळघाट लागायच्या अलीकडे स्कूटरने धाप टाकली, तसा तो इंजिन गार व्हायला थांबला, आणि लघवीला म्हणून रस्ता सोडून झाडीत उतरला.

तिथे एक खांब होता. सागाचा, माणसाच्या छातीएवढा, वर चंद्र-सूर्य कोरलेले, शेंदूर लावून लावून गुळगुळीत झालेला. डोंगरातले लोक मेलेल्यांच्या नावाने असे खांब रोवतात, ते त्याने पूर्वी पाहिले होते. पण ह्या खांबाला एक जाड साखळी गुंडाळली होती, आणि साखळीच्या कड्याकड्यात कुलपं होती. केवढी कुलपं! पितळी, लोखंडी, अलिगढी, पेटीची, सायकलची, गंजून एकमेकांना चिकटलेली. हेमंतला आनंदाने उचकी लागायची बाकी राहिली. बुधवारच्या बाजारात वर्षभर फिरून मिळाला नसता असा खजिना उघड्यावर लटकत होता.

विचारायला कुणी होतं का? दोन हाका मारून पाहिल्या. पलीकडे एक झोपडी दिसत होती, पण तिच्यातून उत्तर आलं नाही. मग त्याने कुलपं नीट पाहिली. एकही कुलूप कशाला लावलेलं नव्हतं. ना दार, ना पेटी, ना गल्ला. साखळीच्या कडीत नुसतं अडकवलेलं. म्हणजे मागे काहीच बंद नाही, म्हणजे हे कुलूप वापरात नाही. नवसाफवसाचं असेल. उघडायचं, परत लावायचं, कुणाचं काय जातंय? शहाण्या माणसाची चूक अशीच होते, नियमात बसवून.

त्याने एक जुनं पितळी कुलूप निवडलं, चार बोटं रुंद, भोकावर फिरती झाकणी असलेलं. हिवाळ्यातली सकाळ, बाकीची कुलपं बर्फासारखी लागत होती. हे मात्र ऊबदार होतं. ऊन पडलं असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. वर पाहिलं तर खांबावर हिरड्याची गर्द सावली होती. तरी त्याने पाकिटातून हत्यारं काढली आणि डोळे मिटून कामाला लागला. कुलूप नवल वाटावं इतकं सोपं निघालं. कडी निसटली तेव्हा खट् असा आवाज आला नाही. माणसाने दिवसभराचा भारा खाली टाकून हुश्श करावं, तसं काहीतरी ऐकू आलं. हेमंतच्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि लगेच त्याला स्वतःचं हसू आलं.

कुलूप परत लावायला गेला, तर लागेना. कडी आत जायची आणि परत वर यायची. स्प्रिंग गेली असावी. आता उघडं कुलूप तसंच टाकून जायचं त्याच्या जिवाला पटेना. घरी नेऊ, तेल-पाणी करू, पुढच्या खेपेला आणून लावू. कुलूप खिशात टाकून तो पाड्यावर गेला, गोणी बांधली आणि दुपारी घरी आला. कुलूप त्याने भिंतीवरच्या फळीवर, बाकीच्या कुलपांशेजारी अडकवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात पल्लवीचा फोन आला. तिला बोलताच येत नव्हतं. "अहो… लगेच या. चोरी… नाही, चोरी नाही… तुम्ही या."

ती ऋतुजाला शाळेतून आणायला गेली होती. जाताना लॅच ओढून, वर कुलूप घालून गेली होती. आली तेव्हा दार सताड उघडं. गोदरेजचं कपाट उघडं, त्यातली आतली तिजोरी उघडी, पलंगाखालच्या ट्रंका उघड्या. सोनं जागच्या जागी, पैसे जागच्या जागी. स्वयंपाकघरात सगळ्या डब्यांची झाकणं काढून शेजारी ठेवलेली, मिठाच्या बरणीपासून हळदकुंकवाच्या कोयरीपर्यंत. नळ वाहत होते. गॅसचं बटणही उघडं होतं, पण नशिबाने सिलिंडर संपत आल्यामुळे शेगडी नुसती फुसफुसत होती.

आणि भिंतीवरच्या फळीवरची सगळी कुलपं उघडली होती. सगळी. कड्या वर करून लटकत होती.

हेमंत त्या फळीसमोर उभा राहून एकेक कुलूप बघायला लागला. त्यातली दोन कुलपं अशी होती की ती त्याला स्वतःलाही आजवर उघडता आली नव्हती. महिनोन्महिने बसून त्याने नाद सोडला होता. त्यांच्या तोंडावर एक ओरखडाही नव्हता.

"कुणी केलं असेल हो?" पल्लवीने विचारलं.

"कॉलनीतलं कुणीतरी… चेष्टा…" तो म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

चेष्टा नव्हती हे संध्याकाळच्या आत कळलं. पल्लवीने कपाट लावलं, मूठ खाली दाबली, आणि वळायच्या आत ती मूठ तिच्या डोळ्यांदेखत हळूच वर आली. दार उघडलं. कुरकुर नाही, धक्का नाही, अगदी मायेने उघडावं तसं. तिने पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा ती पाठ लावून उभी राहिली, तर पाठीला आतून कुणीतरी तळवा टेकवल्यासारखं वाटलं. ती किंचाळून बाहेर पळाली. नंतरचे दिवस कसे गेले ते विचारू नका. कुकरचं झाकण टिकेना, पर्सची चेन टिकेना, पोरीच्या गणवेशाची बटणं घालता घालता सुटायची. शेजारणी "वास्तुशांत केली होती ना?" म्हणून विचारून गेल्या. पल्लवी त्याला म्हणाली, "ते खिशातून आणलंत ना, ते पितळी… त्या दिवसापासून चाललंय हे. मी मूर्ख नाही." हेमंतला ते केव्हाच कळलं होतं. पण नकाशे काढणाऱ्या माणसाने असल्या गोष्टीवर विश्वास ठेवला की मग उरलं काय?

मग ते ऋतुजाकडे वळलं.

आधी तिच्या हातातून पेन्सिल पडायला लागली. बोटं मिटेनात. दोन्ही तळवे उघडे ठेवून ती बसायची, देवापुढे काही मागत बसल्यासारखी. ओठ सुटलेले राहायला लागले. आणि एका दुपारी ती आईच्या मांडीवर झोपायला आली, आणि झोपलीच नाही. छताकडे बघत पडून राहिली.

"डोळे मीट ना गं, सोन्या," पल्लवी म्हणाली.

"मिटत नाहीयेत, आई."

पल्लवीने बोटांनी पापण्या हळूच खाली ओढल्या. त्या आल्या, आणि बोटं काढताच वर गेल्या. हेमंतने करून पाहिलं. त्याच्या बोटांखाली त्या एवढ्याशा पापण्यांना खालून कुणीतरी उचलत होतं. कुलपाच्या लिव्हरचा हिसका ज्याच्या बोटांना पाठ आहे, त्याला असला स्पर्श चुकत नाही. त्याने हात झटकन मागे घेतला.

"बाबा, मला खूप झोप येतेय," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते, पाणी वाहत होतं. "ती म्हणते, मिटू नको. मिटलं की मग कुणी उघडत नाही."

"कोण ती?"

पोरगी आईच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि पलीकडे नुसती भिंत होती.

डॉक्टरांनी थेंब दिले, शिरेचं काहीतरी असेल म्हणाले, मुंबईला दाखवा म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी हेमंतला हळू आवाजात सांगितलं की लहान जीव झोपेशिवाय फार तग धरत नाही. ओल्या कापसाच्या पट्ट्या डोळ्यांवर ठेवून पल्लवी बसून राहायची. पट्टीखाली डोळे उघडेच असायचे. पोरगी रडायचीसुद्धा थांबली होती. हेमंत ऑफिसात गेला तो रजा टाकायला, आणि गोटीराम समोर दिसताच त्याच्या टेबलाशी बसून लहान मुलासारखा रडला. सगळं सांगितलं. खांब, साखळी, कुलूप.

गोटीराम पाठदुखी विसरून ताडकन उठला. "साहेब! त्या खांबाला हात लावला तुम्ही? आमची पोरं तिकडनं बकरं गेलं तर बकरं सोडून देत्यात!"

"मला वाटलं, कशालाच लावलेली नाहीत, म्हणजे…"

"चला. पोरीला घ्या. कुलूप घ्या. आत्ताच्या आत्ता चला."

गोटीरामच्या ओळखीच्या एकाची जीप मिळाली. भर दुपारी ते खांबापाशी पोहोचले. पल्लवी पोरीला मांडीवर घेऊन हिरड्याखाली बसली. वाटेभर ती हेमंतशी एक शब्द बोलली नव्हती. आता बोलली, आणि एकदाच. "तुमच्या हौसेपायी माझं लेकरू गेलं ना, तर तोंड बघणार नाही तुमचं." त्याने खिशातून कुलूप बाहेर काढलं.

झोपडीतून एक म्हातारी आली. नवसाबाई तिचं नाव. तिच्या घराण्याकडे त्या खांबाची राखण होती. तिने कुलूप हातात घेतलं नाही, नुसतं पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "रंगूचं हाय हे. माझ्या सासूनं लावलेलं. आरं दादा, ह्येच कुठं घावलं तुला?"

"कोण रंगू, आजी?"

"व्हती एक. नवरा संशयी. द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडं जायचा, तव्हा तिला घरात कोंडून जायचा, भाईरून कुलूप घालून. चार भाकरी नि एक हंडा ठेवायचा. एकदा गेला तो आलाच नाय. तिकडंच पटकीनं मेला म्हणत्यात. हिकडं लोकं दारावरनं जायची-यायची. भाईरून कुलूप हाय म्हणल्यावर घरात कुणी नाय, असंच वाटतं ना माणसाला? परक्याच्या कुलपाला हात कोण लावंल?" म्हातारी थांबली. "दार फोडलं तव्हा ती दाराला टेकून बसली व्हती. डोळं उघडं. मिटता मिटंनात. तशीच जाळली. मंग गावात काय बी बंद राहीना. कणगी म्हणू नका, गोठा म्हणू नका… पाळण्यातल्या पोरांचं डोळं मिटंनात. तव्हा सासूनं तिला हाक मारून हितं आणली, ह्या कुलपात घातली नि कुलूप लावलं."

हेमंत हादरून ऐकत होता. जिवंतपणी एकदा कोंडलेली बाई मेल्यावर पुन्हा कोंडली, हे त्याच्या डोक्यात आलं, आणि क्षणभर त्याला तिची फार कीव आली. मग पोरीकडे लक्ष गेलं आणि कीव जागच्या जागी मेली. "आता काय करायचं, आजी? सांगा. काय वाटेल ते करतो."

"कुलूप साखळीत घाल. लावू मातर नको. म्या चुलीतलं निखारं आणते, ऊद टाकते, तिला हाक मारते. ती यायला येळ लागतो. तिच्या मनावर हाय. लागली तर सांज लागंल. ती आली का म्या सांगंन, मंग दाब. मी सांगंस्तोवर कडीला बोट लावायचं नाय. ऐकलं का?"

"ऐकलं."

म्हातारी झोपडीकडे गेली. तिला मदतीला म्हणून गोटीरामही गेला. हेमंतने कुलूप साखळीच्या कडीत अडकवलं आणि शेजारी बसला. ते तसंच ऊबदार होतं. झाडीत पाखरू बोलत नव्हतं. शेंदराचा आणि ओल्या लाकडाचा वास येत होता. पल्लवीच्या मांडीवर ऋतुजा आभाळाकडे बघत पडली होती. तिच्या डोळ्यांवर एक माशी बसली. पल्लवीने ती हाकलली. ती परत बसली. पोरीची पापणी लवली नाही.

"अहो… हिचा श्वास बघा," पल्लवी एकदम म्हणाली. "बघा ना! कमी होतोय… सांजेपर्यंत नाही हो निघायची ही…"

हेमंतने पाहिलं. पोरीची छाती उचलायची, थांबायची, आणि मग किती वेळ उचलतच नव्हती. त्याने झोपडीकडे पाहून हाक मारली. उत्तर आलं नाही. मग त्याने जे केलं ते त्याच्या जागी दुसऱ्या कुणाला सुचलंच नसतं. गावातला माणूस छाती पिटत बसला असता, नवस बोलला असता. ह्याला वाटलं, कडी बसत नाही म्हणजे आत एखादा लिव्हर अर्धवट अडकलाय, तेवढा खाली बसवला की झालं. आयुष्यभर त्याने कुलपं समजून घेतली होती ना! त्याने हत्यारं काढली, काडी भोकात घातली, अडलेला लिव्हर हळूच खाली दाबला आणि कडीवर अंगठा टेकवला.

खट्.

कुलूप लागलं. आणि त्याच क्षणी ऋतुजाच्या पापण्या मिटल्या. ओठ मिटले, दोन्ही मुठी मिटल्या. छाती संथ, सारखी हलायला लागली.

"झोपली!" पल्लवी ओरडली. "अहो, झोपली हो माझी बाय!" ती रडत होती, हसत होती, पोरीचे मुके घेत होती, हेमंतचा हात धरून कपाळाला लावत होती. सगळा राग कुठल्या कुठे गेला. हेमंत तिथेच मातीत बसला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. झालं एकदाचं, त्याने मनात म्हटलं. सुटलो.

नवसाबाई खापरीत निखारे घेऊन आली. मागे गोटीराम. तिने कुलपाकडे पाहिलं आणि जागीच थांबली.

"कुणी लावलं?"

"मीच, आजी. लागलं बघा. पोरगी झोपली."

"म्या अजून हाक मारली नाय तिला." म्हातारीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आत कुणी असल्याबिगर हितलं कुलूप लागत नाय, दादा. रिकामं लागतच नाय ते… तू काय घातलंस त्याच्यात?"

पल्लवीने पोरीला हलवलं. "ऋतू… ए ऋतू, ऊठ." पुन्हा हलवलं, जोरात. गालावर चापट्या मारल्या. तिने पापणी वर करायला बोट लावलं, आणि पापणी वर होईना. मूठ उघडायला गेली, मूठ उघडेना. एवढीशी मूठ, आणि आईची दोन्ही हातांची बोटं तिच्यावर घसरत होती. पल्लवीने हेमंतकडे पाहिलं. तिचं तोंड नुसतं उघडं राहिलं.

हेमंत गुडघ्यांवर आला. काडी भोकात घालताना ती तीनदा बाजूला घसरली. घातली एकदाची. एक लिव्हर चाचपला, पुढचा चाचपला, आणि काडी अडकली. मागे ओढून पाहिली, येईना. आतून कुणीतरी तिचं टोक धरलं होतं. ती पकड त्याला ओळखीची होती. रस्ता ओलांडताना त्याचं एक बोट मुठीत धरून चालणारी पकड.

"ऋतू?" तो भोकाशी तोंड नेऊन म्हणाला. "बाळा, बाबा आहे. सोड, मी उघडतो."

तिने सोडली नाही. काडी आत जायला लागली. वीतभर काडी आणि चार बोटं कुलूप, पण ती जात राहिली. शेवटी त्याच्या चिमटीतून तिचं टोक निसटलं आणि ती पूर्ण आत गेली. मग आतून खुडबुड ऐकू आली. लोखंडावर लोखंड घासल्याची, घाईची, घाबरलेली.

"घाई नाही करायची," हेमंत म्हणाला. "ऐक माझं. जोर नको लावू, मोडेल… काडी हळूच वर ने. काहीतरी लागेल, पत्र्यासारखं. लागलं?"

आतली खुडबुड थांबली. मग एकदा, अगदी हलकेच, टिक् वाजलं.

"शाब्बास! शाब्बास गं माझी राणी. तो एक झाला. तो सोडायचा नाही. आता त्याच्या पलीकडचा…"

टिक्.

पल्लवीने त्याचा खांदा घट्ट धरला होता. मांडीवरच्या मुठीची करंगळी किंचित सुटली होती, ती दोघांनीही पाहिली. हेमंत हसला, रडला, पुन्हा भोकाशी वाकला. आणि तेवढ्यात शेजारच्या कुलपातून, गंजून तांबड्या झालेल्या एका लोखंडी कुलपातून, तसाच आवाज आला. टिक्.

त्याने मान वर केली. त्याच्या पलीकडच्या सायकलच्या कुलपातून आला. मग खालच्या पेटीच्या. मग खांबाच्या मागच्या बाजूने, जिथली कुलपं त्याला दिसतही नव्हती, तिथून एक, आणखी एक. साखळी हलायला लागली. बोलणारा थांबल्यावर सगळा वर्ग थांबावा, तशी ती मग एकदम थांबली.

"दादा…" नवसाबाईच्या हातातली खापरी खाली पडली होती. "गप ऱ्हा. आता एक सबूद बोलू नको. त्ये समदे ऐकाया लागल्यात… तुला ठाव नाय ह्याच्यात काय काय हाय…"

गोटीराम केव्हाच रस्त्याकडे पळत सुटला होता. हेमंतने एकदा म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं, एकदा साखळीकडे. मग पोरीच्या मिटलेल्या डोळ्यांकडे पाहिलं.

तो पितळी कुलपावर वाकला.

"आता पुढचा, बाळा," तो म्हणाला. "हळू…"